नॉइज खड्ड्यात जात नाही: मोठ्या पॉवरच्या पॅनेलमधलं लॉजिक कार्ड शांत कसं ठेवावं

गोव्यात कुंडईतली इंडक्शन भट्टी असो, वेर्ण्यातला शंभर एचपीचा मोटर-ड्राइव्ह असो, नाहीतर मासेमारी जेटीवरचा बर्फाचा कारखाना, तक्रार एकच असते. लॉजिक कार्ड (नियंत्रणाचं सर्किट बोर्ड) टेबलावर दिवसभर नीट चालतं आणि पॅनेलमध्ये बसवलं की पिसाळतं. काउंटर मधेच दोन आकडे पुढे उडी मारतो, बटण न दाबता पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचा, इनपुट लागतो, मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. भट्टीत नशीब वाईट असलं तर एससीआर (मोठा करंट चालू करणारा सेमीकंडक्टर स्विच) भलत्या वेळी फायर होतो आणि फ्यूज जातो. मग कुणीतरी "अर्थिंगच खराब" म्हणतं आणि जांभ्यात नवा खड्डा खणायचं काम निघतं. मीठ, कोळसा, कॉपर प्लेट, चार माणसांची दोन दिवसांची मजुरी. कार्ड पुन्हा तसंच.

नॉइज म्हणजे व्होल्टेज-करंटच्या उड्यांमुळे सिग्नलमध्ये घुसणारा नको असलेला गोंधळ. त्याचा करंट जमिनीत मुरायला निघालेलाच नसतो. जिथून निघाला तिथेच त्याला परत जायचं असतं: ड्राइव्हच्या डीसी बसकडे, भट्टीच्या इन्व्हर्टरकडे, कॉन्टॅक्टरच्या (पॉवरचा मोठा रिले) कॉइलकडे. त्याला परतीची आखूड वाट द्यायची आणि ती वाट लॉजिकच्या अंगणातून जाऊ द्यायची नाही, एवढंच काम आहे. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

किती नॉइज म्हणजे जास्त

जुन्या टीटीएल आयसीचं हमीचं नॉइज मार्जिन, म्हणजे चूक न होता सहन होणारा नॉइज, फक्त ०.४ व्होल्ट असतं. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक मायक्रोकंट्रोलर बोर्डांचं गणितही त्याच्याच आसपास. ५ व्होल्टवरचं ७४एचसी बरं, कारण १.५ व्होल्टच्या खाली ते शून्य मानतं आणि ३.५ च्या वर एक. १५ व्होल्टवर चालणारं जुनं सीडी४००० घराणं साधारण २.५ व्होल्ट सहन करतं आणि मुळात संथ असल्यामुळे बारीक काटे (क्षणभराच्या टोकदार उड्या) त्याला दिसतच नाहीत. जुन्या भट्ट्यांची फायरिंग कार्डं त्यावर बनायची, ती उगाच नाही. अशा कार्डाला 'सुधारायचं' म्हणून ७४एचसी बसवणाऱ्यांनी आधी विचार करावा. पीएलसीच्या २४ व्होल्टच्या इनपुटला (टाइप ३) शून्य मानायला ५ व्होल्टच्या खाली आणि एक मानायला ११ च्या वर लागतं. म्हणून पहिला नियम: ५ किंवा ३.३ व्होल्टची सिग्नल वायर पॅनेलच्या बाहेर पाठवायची नाही. लिमिट स्विच, प्रॉक्झिमिटी, फ्लोट स्विच सगळं २४ व्होल्टवर घ्या आणि आत येऊन खाली उतरवा.

आधी चोर ओळखा

सुरुवातीला सुटे भाग बदलत बसू नका. एक वही घ्या आणि बिघाड नेमका कधी होतो ते टिपा. कॉन्टॅक्टर सुटताना होतो की लागताना? ड्राइव्ह सुरू होताच, की करंट ठरावीक आकड्याच्या वर गेल्यावर? शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना? लाइट जाऊन डीजीवर (डिझेल जनरेटरवर) बदली होताना? चार दिवसांच्या नोंदीत अर्धं उत्तर मिळतं.

मग तीन पायऱ्यांत चालवून बघा. पहिली, फक्त कंट्रोल सप्लाय चालू आणि पॉवर बंद. दुसरी, पॉवर चालू पण लोड नाही. तिसरी, पूर्ण लोड. पहिल्याच पायरीत कार्ड चुकत असेल तर दोष बहुधा कार्डात किंवा त्याच्या एसएमपीएसमध्ये (डीसी सप्लाय देणाऱ्या डब्यात) आहे, ड्राइव्हच्या नॉइजचं नाव घेऊ नका. दुसरीत चुकायला लागलं तर व्होल्टेजच्या उड्या कपॅसिटन्समधून येताहेत असं धरून चाला. तिसरीतच चुकत असेल तर करंटच्या उड्यांकडे बघा, म्हणजे सामाईक वायर आणि चुंबकीय क्षेत्राकडे.

जुना खिशातला रेडिओ इथे ऑसिलोस्कोपइतकाच कामाचा. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि पॅनेलच्या बाहेरून, दार बंद असताना, केबल ट्रेच्या बाजूने चालत जा. खरखर जिथे वाढते त्या केबलमधून नॉइज बाहेर पडतोय.

ऑसिलोस्कोप लावताना दोन गोष्टी. एक, प्रोबचं टोक आणि त्याचीच ग्राउंड क्लिप एकत्र जोडून ती जोडी कार्डच्या ग्राउंडला टेकवा. सरळ रेघ दिसायला हवी. तिथेही काटे दिसले तर ते सर्किटमधले नाहीत, प्रोबच्या १५ सेंटिमीटरच्या ग्राउंड वायरने पकडलेले आहेत. त्या वायरऐवजी टोकाला बसणारी छोटी स्प्रिंग वापरा. दोन, स्कोपची अर्थ पिन कापून ग्राउंड क्लिप डीसी बसला लावण्याचा उद्योग कुणीही करू नये. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस ५८७ व्होल्टची असते, आणि स्कोपचं सगळं अंग त्या व्होल्टेजवर जातं. डिफरन्शिअल प्रोब नसेल तर ते माप सोडून द्या. हात घालायच्या आधी पॉवर बंद करून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ, निदान दहा मिनिटं, थांबा आणि बसवर मीटर लावून ५० व्होल्टच्या खाली आलंय ना ते बघा. भट्टीच्या कपॅसिटर बँकेला तर मुद्दाम शॉर्टिंग रॉड लावल्याशिवाय हात लावायचाच नाही.

वाट पहिली: सामाईक वायर

साध्या वायरचा इंडक्टन्स सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरा. दहा सेंटिमीटर म्हणजे १०० नॅनोहेन्री. त्यातून करंट मायक्रोसेकंदाला १०० अँपिअरने बदलला की दोन टोकांत १० व्होल्ट पडतात. वायर कितीही जाड घेतली तरी हा आकडा फारसा उतरत नाही, कारण इथे रेझिस्टन्सचा संबंधच नाही. जाडीपेक्षा लांबी महत्त्वाची. आता हीच दहा सेंटिमीटर वायर मुख्य करंटची पण आणि गेट ड्राइव्हरच्या शून्याची पण असेल, तर ड्राइव्हरला शून्य १० व्होल्टने हलताना दिसतं.

आयजीबीटी (ड्राइव्हमधला पॉवर ट्रान्झिस्टर) मॉड्यूलवर जाड एमिटरशिवाय एक बारीक सहायक एमिटर टर्मिनल दिलेलं असतं ते याचसाठी. गेटची परतीची वायर तिथेच लागली पाहिजे. दुरुस्ती करताना 'दोन्ही एकच तर आहेत' म्हणून ती बसबारच्या (पॉवरच्या जाड पट्टीच्या) बोल्टखाली दाबलेली अनेकदा सापडते, आणि मॉड्यूल का उडतात ते कुणाला कळत नाही. एससीआरचंही तसंच: गेटसोबतची कॅथोड वायर एससीआरच्या स्वतःच्या कॅथोड लीडवरून घ्या. गेट आणि कॅथोडच्या वायर दोन-तीन सेंटिमीटरला एक पीळ याप्रमाणे शेवटपर्यंत पिळलेल्या असू द्या. गेट-कॅथोडवर, एससीआरच्या अगदी अंगाशी, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड समांतर लावले तर बारीक काट्यांनी तो फायर होत नाही. पण आधी फायरिंग पल्स बघा: पल्स आधीच कमजोर असेल तर हा कपॅसिटर तिची धार आणखी बोथट करेल.

२४ व्होल्टच्या बाजूला हीच चूक वेगळ्या रूपात दिसते. एकच एसएमपीएस, त्यावर पीएलसी, सेन्सर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि शून्य व्होल्टची वायर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर माळेसारखी ओवलेली. व्हॉल्व्ह सुटला की माळेच्या शेवटच्या मण्याचं शून्य हलतं. व्हॉल्व्ह आणि कॉन्टॅक्टर कॉइलसाठी वेगळा एसएमपीएस घ्या. ते जमत नसेल तर निदान दोन्ही गटांच्या शून्याच्या वायर एसएमपीएसच्या टर्मिनलपर्यंत वेगवेगळ्या न्या.

वाट दुसरी: वायरीचं वेटोळं

१०० अँपिअर प्रति मायक्रोसेकंदाचा तोच बसबार दहा सेंटिमीटरवरून जातोय आणि सिग्नलची जाणारी व येणारी वायर मिळून १०० चौरस सेंटिमीटरचं वेटोळं झालंय, तर त्यात २ व्होल्ट तयार होतात. ०.४ व्होल्टच्या मार्जिनपुढे २ व्होल्ट. जोडी पिळून टाकली की वेटोळं जवळजवळ नाहीसं होतं. सिग्नल एका डक्टमधून आणि त्याचा कॉमन दुसऱ्या डक्टमधून नेला तर किती मोठं वेटोळं होतं, ते आपल्याच पॅनेलचं दार उघडून बघा. पॉवर आणि सिग्नलच्या ट्रेमध्ये ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. रिबन केबल असेल तर प्रत्येक सिग्नलशेजारी एक ग्राउंड वायर सोडा.

वाट तिसरी: न दिसणारा कपॅसिटर

ही सगळ्यात फसवी, कारण ड्रॉइंगवर ती कुठेच काढलेली नसते. आयजीबीटीचा मधला बिंदू ५८७ व्होल्टची उडी ०.१ मायक्रोसेकंदात घेतो. गेट ड्राइव्हरच्या सप्लाय ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असेल, तर प्रत्येक उडीला सुमारे ०.६ अँपिअर त्यातून पलीकडे जातो. 'आयसोलेशन आहे' असं आपण म्हणतो ते ५० हर्ट्झपुरतं. हा ०.६ अँपिअर मग लॉजिकच्या ग्राउंडमधून बॉडीकडे आणि तिथून परत बसकडे जातो. ग्राउंडची वायर २० सेंटिमीटर असेल आणि करंट २० नॅनोसेकंदांत चढत असेल तर तिच्यात ६ व्होल्ट पडतात, आणि लॉजिक मेलं.

उपाय या क्रमाने करा. ट्रान्सफॉर्मर किंवा डीसी-डीसी मॉड्यूल १० पिकोफॅरडच्या आतला निवडा. घरी गुंडाळत असाल तर दोन वाइंडिंग एकावर एक न चढवता बॉबिनच्या दोन वेगळ्या कप्प्यांत घ्या. ऑप्टोच्या (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणाऱ्या आयसीच्या) डेटाशीटमध्ये कॉमन मोड ट्रान्झिएंट इम्युनिटीचा, म्हणजे दोन बाजूंमधली किती जलद उडी तो सहन करतो त्याचा, आकडा शोधा. वरच्या उदाहरणात उडी ६ किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाची आहे, तर ऑप्टो १५ किंवा त्याहून जास्तचा हवा. साधा पीसी८१७ ऑप्टो लिमिट स्विचसाठी ठीक आहे, गेटच्या वाटेवर त्याला बसवू नका. डीसी बसच्या प्लस आणि मायनसवरून बॉडीला वाय दर्जाचे काही नॅनोफॅरडचे कपॅसिटर, अगदी हीटसिंकपाशी, लावले तर करंटला घराजवळच परतीची वाट मिळते. तयार ड्राइव्हमध्ये ते आतच असतात. सप्लायचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर मात्र ड्राइव्हच्या मॅन्युअलप्रमाणे ते सोडवावे लागतात.

गेट रेझिस्टर वाढवला की उडी संथ होते, पण आयजीबीटी जास्त तापतो. गोव्याच्या मेमधल्या शेडमध्ये हीटसिंकला किती जागा उरलीय ते आधी बघा. ड्राइव्हची कॅरियर फ्रीक्वेन्सी ८ वरून ४ किलोहर्ट्झवर आणली तर उड्यांची संख्या अर्धी होते आणि नॉइजचे फटके कमी वेळा बसतात. प्रत्येक उडी मात्र तितकीच धारदार राहते. हा औषधापेक्षा आराम आहे.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर काय लावायचं

पन्नास रुपयांच्या आतलं हे काम निम्म्या पॅनेलचं दुखणं मिटवतं, आणि तरी तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. २३० व्होल्ट एसीच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकामागून एक जोडून लावा, या जोडीला स्नबर म्हणतात. कपॅसिटर एक्स२ दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचा. रेझिस्टर कार्बनचा, अर्धा ते एक वॉट. वायर गुंडाळलेला नको, तो स्वतःच एक कॉइल आहे. जोडी थेट ए१ आणि ए२ टर्मिनलवर, लीड शक्य तितक्या आखूड. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर २७५ चा कपॅसिटर चालणार नाही, ४४० व्होल्ट एसीचा घ्या.

हीच जोडी कॉइलऐवजी तिला चालवणाऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावायची सवय काहींना असते. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला ७ मिलिअँपिअर सतत वाहतात. कॉन्टॅक्ट उघडा असला तरी तेवढा करंट पुढे जातो, आणि पुढे छोटा रिले किंवा एलईडी दिवा असेल तर तो सुटतच नाही. मग नवीनच बिघाड शोधत बसावं लागतं.

२४ व्होल्ट डीसीच्या कॉइलला १एन४००७ उलटा, पट्टीची बाजू प्लसकडे. डायोडमुळे कॉन्टॅक्टर उशिरा सुटतो. ब्रेक किंवा सेफ्टीच्या जागी तो उशीर चालत नसेल तर डायोडसोबत उलट दिशेने २४ ते ३६ व्होल्टचा झेनर एकामागून एक जोडा.

अर्थिंग, पण कशासाठी

खड्डा हवाच. माणसाचा जीव, फॉल्ट झाल्यावर फ्यूज उडणं आणि मे-जूनमधली वीज यांसाठी तो आयएस ३०४३ प्रमाणे नीट केलेला हवा. जांभ्याची जमीन कोरडी असताना चांगला आकडा मिळवायला कष्ट पडतात, ते करावेत. पण नॉइजच्या दृष्टीने पॅनेलपासून खड्ड्यापर्यंतची २० मीटर पट्टी म्हणजे २० मायक्रोहेन्री, आणि १ मेगाहर्ट्झला १२५ ओहम. खड्ड्याचा मीटर १ ओहम दाखवो की ५, त्या १२५ पुढे काही फरक पडत नाही. 'इलेक्ट्रॉनिक्ससाठी स्वतंत्र अर्थ' म्हणून वेगळा खड्डा घेऊन तो मुख्य अर्थला न जोडणं तर धोक्याचं आहे. जवळ वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या कार्डातूनच बरोबरी साधतो.

तो पैसा पॅनेलच्या आत घाला. माउंटिंग प्लेट पेंट केलेली असेल तर ड्राइव्ह, ईएमआय फिल्टर आणि शील्ड क्लॅम्पच्या जागी रंग पूर्ण खरवडा. जस्ताचा मुलामा असलेली प्लेट मागवली तर हे श्रमच वाचतात. दार आणि प्लेट गोल वायरने न जोडता विणलेल्या चपट्या पट्टीने जोडा, लांबी रुंदीच्या पाचपटीहून जास्त नको. फिल्टर पॅनेलमध्ये केबल शिरते तिथेच बसवा, आणि त्याची आत जाणारी व बाहेर येणारी वायर एका गाठीत बांधू नका. बांधली तर फिल्टर फक्त शोभेला.

मोटरची केबल शील्डची घ्या आणि शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाकार क्लॅम्पने दाबा. मोटरच्या अंगात गेलेला करंट त्या शील्डवरूनच ड्राइव्हला परत येतो. शील्डचे केस पिळून पाच सेंटिमीटरची शेपटी करून टर्मिनलला लावली तर ५० नॅनोहेन्री झाले, १० मेगाहर्ट्झला ३ ओहम, आणि महागड्या केबलचा उपयोग गेला. ४-२० मिलिअँपिअर किंवा थर्मोकपलच्या केबलचं शील्ड मात्र पॅनेलच्या बाजूलाच जोडा, दुसरं टोक टेप लावून बंद.

कार्डाच्या दारात

प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनपाशी १०० नॅनोफॅरड सिरॅमिक, कार्डाच्या दारात ४७ मायक्रोफॅरड. हे बहुतेक जण करतात. राहतं ते पुढचं. न वापरलेले सीमॉस इनपुट मोकळे सोडू नका, सप्लायला किंवा ग्राउंडला बांधा. बटणं आणि लिमिट स्विचच्या इनपुटवर १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, पुढे ७४एचसी१४ (श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर). शंभर मायक्रोसेकंदांहून खूप बारीक काटे आत येत नाहीत, आणि संथ झालेल्या धारेवर श्मिट ट्रिगर थरथरत नाही. साधं ७४एचसी०४ लावलं तर थरथरेल. रीसेट पिनवर आखूड ट्रॅक, १० किलोओहमचा पुलअप आणि १०० नॅनोफॅरड, तेही पिनला चिकटून.

ऑप्टोच्या आतल्या एलईडीला समांतर १ किलोओहम लावा. मग १ मिलिअँपिअरच्या आसपासचा चोरटा करंट एलईडी पेटवत नाही. लांब केबलवरून येणारा २४ व्होल्टचा इनपुट उगाच लुकलुकत असेल तर इनपुट आणि शून्यामध्ये २.२ किलोओहम, अर्धा वॉट.

सॉफ्टवेअरमध्ये वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणारा टायमर) लावा आणि इनपुट ५ मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा वाचून तिन्ही सारखे असतील तरच माना. पण इमर्जन्सी स्टॉप आणि ओव्हरकरंट ट्रिप सॉफ्टवेअरच्या भरवशावर कधीच नको, ते हार्डवेअरनेच.

दुरुस्ती झाली की परीक्षा घ्या. २३० व्होल्टचा एक रिले घ्या, त्याची कॉइल त्याच्याच एनसी (एरवी बंद, जोडलेल्या) कॉन्टॅक्टमधून जोडा म्हणजे तो घणघणत राहील. स्नबर लावायचा नाही. त्याच्या कॉइलची वायर संशयित केबलला एक मीटरभर समांतर बांधा आणि कार्ड पाच मिनिटं चालवा. वायर इन्सुलेटेड हवी आणि रिले फ्यूजमधून. भट्टी किंवा ड्राइव्हची पॉवर त्या वेळी बंद, फक्त कंट्रोल चालू. यात टिकलेलं कार्ड पॅनेलमध्ये सहसा त्रास देत नाही.

पावसाळा

जूनमध्ये नव्याने सुरू होणारे बिघाड बहुतेक वेळा नॉइजचे नसतात, ओलाव्याचे असतात, पण दिसतात अगदी सारखे. डिचोली-सत्तरीकडच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ कार्डवर बसली आणि तिला ओल लागली की १ मेगाओहमचा पुलअप असलेला पिन आपोआप खाली येतो. तिथे १० किलोओहम लावा आणि कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, कोटिंग द्या. किनाऱ्याजवळच्या पॅनेलमध्ये मिठाच्या हवेने अर्थचे लग हिरवे पडतात, आणि अमोनियावर चालणाऱ्या बर्फाच्या कारखान्यात तर तांबं-पितळ अमोनियाच खातो. तिथे टिनचा मुलामा असलेले लग, स्टार वॉशर आणि पॅनेल कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर. शील्डचे क्लॅम्प मेमध्ये एकदा उघडून, घासून, परत दाबा.

गणेश चवथीला कारखाना चार-पाच दिवस बंद राहतो. मेन स्विच पाडताना पॅनेलचा हीटरही बंद होत असेल तर त्याला वेगळा एमसीबी द्या आणि तो चालू ठेवा. नाहीतर परतल्यावर दार उघडा, कार्डवर दव दिसतंय का ते टॉर्चने बघा, आणि हीटर दोन तास चालवल्याशिवाय पॉवर देऊ नका.